सीएनसी लेथवर कंपनावरून टूलची झीज ओळखायची, तर क्रम असा ठेवा

टूल झिजलं की मशीनचा आवाज बदलतो, हे नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कुठल्याही जुन्या ऑपरेटरला ठाऊक असतं. "धार गेली ना जी सर, ऐका," असं तो म्हणतो आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं. तेच काम सेन्सरकडून करून घ्यायचं, एवढाच हा विषय. तरी एम.टेक., पीएच.डी.ची मुलं महिनोन्महिने डेटा गोळा करतात, मग माझ्याकडे लॅपटॉप घेऊन येतात आणि पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात येतं की हा डेटा पुन्हा घ्यावा लागणार. त्यात संगणकाच्या चुका थोड्या असतात. घोळ मशीनपाशी झालेला असतो: सेन्सर रंगावर चिकटवलेला, मशीन थंड असतानाच कटिंग सुरू केलेलं, झीज मोजलीच नाही किंवा अगदी शेवटी एकदाच मोजलेली.

खाली सगळं टर्निंगचं, म्हणजे फिरता बार टूलने कापण्याचं, उदाहरण धरून लिहिलं आहे: ईएन ८ या पोलादाचा बार, सीएनएमजी १२०४०८ इन्सर्ट (होल्डरमध्ये बसणारा, बदलता येणारा कार्बाइडच्या धारेचा तुकडा) आणि टूल होल्डरवर एक कंपन-सेन्सर. व्हीएमसीवर, म्हणजे मिलिंगच्या मशीनवर, काम करणाऱ्यांनाही क्रम हाच लागू पडतो, आकडे तेवढे बदलतील.

## टप्पा १: मशीनकडे जाण्याआधी कागदावर गणित

कोणती कंपनं पाहायची आहेत हे आधी ठरवा. सेन्सर, त्याचा सिग्नल नोंदवणारं कार्ड, सॅम्पलिंग (सेकंदाला किती नमुने घ्यायचे ते), सगळं त्यावरून ठरतं. माझ्याकडे येणारे बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात: हाताशी आहे तो सेन्सर घ्यायचा आणि त्यातून जे दिसेल ते पाहायचं.

६० मिमी व्यासाचा बार १८० मीटर प्रतिमिनिट वेगाने कापायचा, तर फेरे निघतात मिनिटाला सुमारे ९५५. म्हणजे सेकंदाला जवळपास १६ फेरे. स्पिंडलची मूळ वारंवारिता १६ हर्ट्झ आणि तिच्या पटी ३२, ४८ वगैरे. मिलिंगमध्ये यात दातांची संख्या येते: ३००० आरपीएम आणि चार दातांचा कटर असेल, तर दर सेकंदाला २०० ठोके. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे आलेखात उंचवटा दिसला की तो कुणाचा हे याच पानावर पाहून ठरवायचं आहे.

झिजेची खूण मात्र १६ हर्ट्झपाशी शोधू नका. धार बोथट झाली की टूलची बाजू जॉबवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या बारावर, घासू लागते. त्या घासण्याने होल्डर स्वतःच्या नैसर्गिक वारंवारितेला थरथरतो, आणि ती साधारणपणे हजार हर्ट्झच्या पुढे, काही किलोहर्ट्झमध्ये असते. म्हणून निदान ५ किलोहर्ट्झपर्यंत नीट दिसायला हवं.

इथेच स्वस्त मॉड्यूल घेणाऱ्यांचा घात होतो. बर्डीच्या बाजारातून आणलेलं एडीएक्सएल ३४५ या कंपन-सेन्सरचं छोटं बोर्ड मुलांच्या प्रोजेक्टमध्ये सर्रास दिसतं. ते जास्तीत जास्त ३२०० नमुने प्रतिसेकंद देतं, म्हणजे दिसणार त्याच्या निम्मं, १६०० हर्ट्झपर्यंतच, आणि तेसुद्धा एसपीआय जोडणीवर. आय-टू-सीवर जोडलं तर ८०० नमुने, म्हणजे ४०० हर्ट्झ. शिवाय ते ±१६ जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण) पर्यंतच मोजतं. पंप, पंखा, कन्व्हेयर यांच्यासाठी ते चांगलं आहे. टूलच्या धारेसाठी आयईपीई प्रकारचा, म्हणजे आतच इलेक्ट्रॉनिक्स असलेला स्फटिकाचा, औद्योगिक सेन्सरच लागतो. कॉलेजात नसेल तर दुसऱ्या विभागातून आठ दिवसांसाठी मागून आणा.

तपासा: वहीत तीन आकडे लिहिलेले हवेत: स्पिंडलची वारंवारिता, पाहायची कमाल वारंवारिता आणि सेन्सर खरोखर कुठपर्यंत मोजतो ती मर्यादा. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर इथेच थांबा.

## टप्पा २: मशीन, बार आणि होल्डर

स्पिंडल निदान अर्धा तास रिकामं फिरवा. थंड बेअरिंग आणि गरम बेअरिंग यांचं कंपन वेगळं असतं. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमधला सकाळी आठचा लेथ दुपारी दोनला वेगळाच वागतो. हायड्रॉलिक तेल पातळ होतं, धातू प्रसरण पावतो. १०० मिमी पोलादाचं तापमान १० अंशांनी वाढलं तर लांबी सुमारे ०.०१२ मिमीने वाढते. १ मिमी खोलीच्या कटला याने फारसं बिघडत नाही. पण ०.२ मिमीच्या फिनिशिंग पासमध्ये खोलीच सहा टक्क्यांनी बदलू शकते. म्हणून रोज एकाच वेळेला सुरू करा आणि शेडमधलं तापमान वहीत लिहा.

कूलंटचंही तसंच. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं आणि कूलंट घट्ट होतं. रोज सकाळी कूलंटचं प्रमाण दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकून पाहा, लागेल तेवढं पातळ मिश्रण घाला आणि आठवडाभर प्रमाण एकसारखं ठेवा.

बार शक्यतो ब्राइट बार, म्हणजे वरची काळी साल नसलेला, घ्या. काळा बार असेल तर वरची साल निघेपर्यंतचा पास नोंदीत धरू नका. सालीचा कडकपणा आतल्या धातूसारखा नसतो. चकबाहेर बाराची लांबी व्यासाच्या तिप्पटीपेक्षा जास्त येत असेल तर दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचं सेंटर लावाच.

होल्डरचा ओव्हरहँग, म्हणजे टरेटबाहेर (टरेट म्हणजे टूल धरणारा फिरता भाग) आलेली लांबी, एकदाच ठरवा. २५ बाय २५ मिमीच्या शँकला, म्हणजे होल्डरच्या दांड्याला, मी ३८ मिमी ठेवतो. महत्त्वाचं हे की प्रयोग संपेपर्यंत ती बदलायची नाही. चार-पाच मिमी बाहेर आला तरी होल्डरची नैसर्गिक वारंवारिता खाली सरकते, आणि तुम्हाला वाटतं टूल झिजलं. स्क्रायबरने शँकवर रेघ मारून ठेवा. होल्डर काढून परत लावला तर रेघ टरेटच्या कडेला जुळलीच पाहिजे.

## टप्पा ३: सेन्सर बसवणं

सगळ्यात जास्त डेटा या टप्प्यावर वाया जातो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सेन्सर धारेच्या जितका जवळ तितका चांगला. पण चिप्स आणि कूलंटच्या माऱ्यातून वाचला पाहिजे. बहुतेक लेथवर शँकची मागची बाजू किंवा खालचा भाग सोयीचा पडतो. दिशा कापण्याच्या मुख्य बलाची घ्या, म्हणजे इन्सर्टच्या वरच्या सपाट पृष्ठाला लंब. स्लँट बेड लेथवर ही दिशा जमिनीकडे नसते. मुलं सवयीने सेन्सर 'उभा' बसवतात आणि अर्धा सिग्नल तिथेच गमावतात. तीन अक्षांचा सेन्सर असेल तर कोणता अक्ष कुठे हे होल्डरवर मार्करने लिहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

बसवण्याच्या तीन पद्धती आहेत. स्टड सगळ्यात उत्तम. पण होल्डरचं पोलाद कडक असतं, त्यात भोक पाडून आटे काढणं जिकिरीचं. टूल रूमचा माणूस सोबत नसेल तर या वाटेला जाऊ नका. चुंबक सगळ्यात सोपा, पण तो साधारण २ किलोहर्ट्झच्या पुढे भरवशाचा राहत नाही. आपल्याला ५ किलोहर्ट्झ हवं, म्हणजे चुंबक बाद. मधला मार्ग चिकटवण्याचा: सेन्सरचा माउंटिंग पॅड सायनोॲक्रिलेटने, म्हणजे पातळ सुपर ग्लूने चिकटवायचा आणि सेन्सर त्यावर स्क्रूने आवळायचा.

क्रम असा. आधी जागेवरचा रंग काढा. नुसता खरवडून चालत नाही. मशीनच्या कास्टिंगवर रंगाखाली पुट्टीचा थर असतो. सेन्सर होल्डरऐवजी टरेटच्या अंगावर लावायची वेळ आली तर चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारा. मी स्वतः एकदा टरेटच्या अंगावर, रंगावरच चुंबक ठेवून तीन आठवडे डेटा घेतला होता. आलेखात दीड किलोहर्ट्झच्या पुढे सगळं सपाट होतं आणि मी ते 'शांत मशीन' समजत होतो. नंतर नखाने खरवडलं तर करड्या पुट्टीची खपली निघाली, दोन-तीन मिमी जाडीची. उंच वारंवारितेची कंपनं त्या मऊ थरातच मुरत होती. तीन आठवड्यांचा डेटा टाकून द्यावा लागला.

धातू दिसला की जागा सपाट आहे का ते पाहा. स्टीलच्या पट्टीची कड लावून उजेडाकडे धरा, फट दिसता कामा नये. मग ॲसिटोनच्या बोळ्याने पुसा. बोळा पांढरा निघेपर्यंत पुसत राहा. कूलंटमधलं तेल डोळ्यांना दिसत नाही, पण गोंद त्यावर धरत नाही. ग्लूचा एकच थेंब टाका, पॅड दाबून फिरवा म्हणजे थर पातळ होईल, आणि अर्धा तास हात लावू नका. जाड थर उशीसारखा वागतो. पॅड आणि सेन्सर यांच्यामध्ये सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या आणि माहितीपत्रकात दिलेल्या टॉर्कने आवळा.

सावध: काढताना हातोडीने ठोकू नका. कडेला ॲसिटोन सोडा, थांबा आणि पान्याने पिळून काढा. टेबलावरून सिमेंटच्या फरशीवर पडलेला सेन्सर वरून धड दिसला तरी आतला स्फटिक तडकलेला असू शकतो.

तपासा: मशीन बंद ठेवून होल्डरवर छोट्या हातोडीने हलकेच चार-पाच ठोके द्या आणि सिग्नल नोंदवा. आलेखात होल्डरच्या नैसर्गिक वारंवारितेचा ठळक उंचवटा दिसेल. तो आकडा वहीत लिहा. रोज सकाळी हीच चाचणी करा. उंचवटा जागेवरून सरकला तर ग्लू सुटला आहे, सेन्सर ढिला झाला आहे किंवा होल्डर हलला आहे. दोन मिनिटांचं काम आहे, आणि आजवर मला याच चाचणीने सगळ्यात जास्त वाचवलं आहे.

## टप्पा ४: केबल आणि अर्थिंग

टरेट फिरला की केबल तुटते. एकदा तरी हे प्रत्येकाच्या हातून होतं, तुमच्या हातून होऊ नये. प्रयोगाच्या प्रोग्राममध्ये एकच टूल ठेवा, टूल बदलण्याची ओळ काढून टाका आणि होमला जाणारी आज्ञा असेल तर तिथपर्यंत केबल पुरते का ते पाहा. मग रॅपिड, म्हणजे टूलची मोकळी धाव, २५ टक्क्यांवर आणून सिंगल ब्लॉकमध्ये (एकेक ओळ करून) न कापता संपूर्ण ड्राय रन करा. एका हाताचं बोट फीड होल्डवर, म्हणजे टूलची चाल थांबवणाऱ्या बटणावर, असू द्या. केबल कुठे ताणते, कुठे चकच्या जवळ येते, हे डोळ्यांनी पाहा. ईएन ८ ची लांब चिप केबलला गुंडाळली तर ती सेन्सरसकट ओढून नेते. चिप ब्रेकर नीट चालतो आहे ना, तेही याच वेळी बघा.

दारातून केबल बाहेर काढायची म्हणून दाराचा इंटरलॉक कुणीही बायपास करू नये. बहुतेक मशीनच्या पत्र्याला केबल ग्लँड बसवता येईल अशी जागा असते. मेंटेनन्सच्या माणसाला विचारा. बाहेर येण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे कूलंट झोळावरून टपकेल आणि कनेक्टरपर्यंत जाणार नाही.

सिग्नल केबल स्पिंडल ड्राइव्हच्या केबलशेजारून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला, कार्डाच्या बाजूला. दोन्ही टोकांना केलं तर अर्थमधूनच प्रवाह वाहू लागतो आणि आलेखात ५०, १००, १५० हर्ट्झच्या काठ्या उभ्या राहतात.

तपासा: लॅपटॉपचा चार्जर काढा. ५० हर्ट्झची काठी लगेच खाली बसली तर दोष अर्थिंगचा आहे. मी नोंद घेताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवतो. पावसाळ्यात लाइट लुकलुकली तरी फाइल वाचते, हा वरचा फायदा.

आयईपीई सेन्सरचा बायस व्होल्टेजही, म्हणजे सेन्सर जोडल्यावर केबलवर कायम दिसणारा व्होल्टेज, पाहून घ्या. तो साधारण ८ ते १२ व्होल्ट असतो. शून्य आला तर केबल शॉर्ट, पुरवठ्याएवढा २४ च्या आसपास आला तर कुठेतरी तुटली आहे. पुरवठा सुरू केल्यावर सिग्नल स्थिर व्हायला मिनिटभर द्या. सुरुवातीची सरकणारी रेघ म्हणजे कंपन नव्हे.

## टप्पा ५: सॅम्पलिंग

५ किलोहर्ट्झपर्यंत पाहायचं तर १२.८ किलोहर्ट्झ पुरतं. मी २५.६ किलोहर्ट्झ घेतो, हार्ड डिस्क आता महाग राहिलेली नाही. कार्डात अँटी-अलायझिंग फिल्टर, म्हणजे फार उंच वारंवारिता आधीच गाळणारा, हवाच. नसला तर काय होतं? सेकंदाला १००० नमुने घेतले आणि खरं कंपन ९०० हर्ट्झचं असलं, तर आलेखात ते १०० हर्ट्झला दिसतं. ही खोटी काठी नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही.

कार्डाची रेंज ठरवायला एक चाचणी कट घ्या. शिखरं पूर्ण मापाच्या साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांशात यावीत. १०० मिलिव्होल्ट प्रति जी चा सेन्सर बहुधा ±५० जी पर्यंत मोजतो. खडबडीत कट घेताना होल्डरवरच्या अशा सेन्सरचा सिग्नल वरून कापला जाऊ शकतो. शिखरांची डोकी सुरीने कापल्यासारखी सपाट दिसली की १० मिलिव्होल्ट प्रति जी चा सेन्सर घ्या.

## टप्पा ६: आधी शांततेची नोंद

कटिंगआधी चार नोंदी, प्रत्येकी ३० सेकंद, याच क्रमाने:

१. कंट्रोल चालू, हायड्रॉलिक बंद.
२. हायड्रॉलिक आणि कूलंट पंप चालू.
३. स्पिंडल प्रयोगाच्या वेगाने फिरतं आहे, अक्ष स्थिर.
४. संपूर्ण प्रोग्राम एअर कट, टूल जॉबपासून ५ मिमी दूर.

कटिंगच्या नोंदीतून काय टूलचं आणि काय मशीनचं, हे या चारांशिवाय सांगता येत नाही. कूलंटची धार थेट सेन्सरवर पडत असेल तर दुसऱ्या नोंदीतच कळेल. धार वळवा किंवा सेन्सरवर पत्र्याचं झाकण करा, पण झाकण सेन्सरला टेकू देऊ नका. या नोंदी रोज घ्या. परवाच्या शांततेवर आजचं कटिंग तोलता येत नाही.

## टप्पा ७: प्रोग्राम

जी ९६ वर डेटा घेऊ नका. त्यात कंट्रोल कटिंगचा वेग स्थिर ठेवायला फेरे बदलत राहतो. टेपर किंवा फेसिंग असेल तर एकाच पासमध्ये वारंवारिता सरकत जाते आणि आलेखातल्या काठ्या पसरतात. जी ९७ (फेरे स्थिर ठेवणारी आज्ञा) वापरा आणि प्रत्येक पासला फेरे स्वतः लिहा: ६० मिमीला ९५५, १ मिमी खोलीचा पास झाल्यावर ५८ मिमीला ९८८. असं केल्याने पासमध्ये फेरे स्थिर राहतात आणि पासापासात कटिंगचा वेगही सारखा राहतो.

०.२ मिमी फीड आणि १५० मिमी लांबी धरली तर पहिला पास सुमारे ४७ सेकंदांचा होतो. त्याच्या आधी-नंतर दोन सेकंदांचा ड्वेल, म्हणजे थांबा, टाका, म्हणजे फाइलमध्ये कट कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे स्पष्ट दिसेल. रिकामा एम-कोड (प्रोग्राममधून स्विच चालू-बंद करणारी आज्ञा) आणि रिले मिळाला तर त्यावर नोंदणीचा ट्रिगर घ्या; ते वायरिंग मात्र मशीनच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्या.

## टप्पा ८: कटिंग आणि झीज मोजणं

झीज मोजल्याशिवाय कंपनाची नोंद म्हणजे नाव न लिहिलेली उत्तरपत्रिका. आयएसओ ३६८५ मध्ये टर्निंगसाठी पार्श्व झिजेची, म्हणजे जॉबवर घासणाऱ्या बाजूच्या झिजेची, मर्यादा दिली आहे: झीज एकसारखी असेल तर सरासरी ०.३ मिमी, नसेल तर कमाल ०.६ मिमी. मिलिंगसाठी आयएसओ ८६८८ पाहा.

दर पासला इन्सर्ट काढून मोजणं शक्य नसतं, ते मान्य. पण झीज सुरुवातीला झपाट्याने होते, मध्ये संथ आणि शेवटी पुन्हा झपाट्याने. म्हणून पहिले दोन-तीन पास प्रत्येक वेळी मोजा, मध्ये तीन-तीन पासांनी, आणि ०.२ मिमी ओलांडली की पुन्हा प्रत्येक वेळी.

इन्सर्ट काढला की बसण्याची जागा आणि शिम (इन्सर्टखालची पट्टी) दोन्ही पुसा. चिपचा एक कण खाली अडकला तरी धार उचलली जाते आणि कंपन बदलतं. दर वेळी त्याच टॉर्कने आवळा. मोजण्याआधी धार अल्कोहोलने पुसा. धारेवर धातूचा थर चिकटला असेल तर ब्लेडने उकरू नका, त्याच्यासोबत कार्बाइडचा तुकडाही निघतो. तसाच फोटो काढा आणि शेरा लिहा. टूलमेकर मायक्रोस्कोपखाली तीनदा मोजा, जमल्यास एकदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी.

आता सगळ्यात फसवी चूक. बार पासागणिक बारीक होत जातो आणि त्याच वेळी टूल झिजत जातं. बाराचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने घटतो: ६० मिमीचा बार ४२ मिमीवर आला की ताठपणा एक चतुर्थांशापेक्षाही कमी उरतो. कंपन वाढतं, तुम्ही आनंदाने लिहिता की सेन्सरने झीज ओळखली. प्रत्यक्षात सेन्सरने बारीक झालेला बार ओळखलेला असतो! असे प्रबंध मी तपासले आहेत आणि लिहिणाऱ्याच्या कष्टांकडे पाहून फार वाईट वाटतं.

उपाय खर्चिक आहे, पण दुसरा मला सापडलेला नाही. नोंदी फक्त ६० ते ५४ मिमीच्या पट्ट्यात घ्या. त्यापुढचा बार नुसता टूल झिजवायला वापरा, नोंद नको. पुढच्या टप्प्यासाठी नवीन बार पकडा, म्हणजे व्यास पुन्हा ६० वर येतो आणि झीज मात्र पुढे गेलेली असते. प्रत्येक तिसऱ्या बारावर कोऱ्या धारेने एक पास घ्या. कोऱ्या धारेचं कंपन पहिल्या दिवसासारखंच आलं, तर वाढ टूलमुळे आहे असं छातीठोक म्हणता येईल.

तपासा: कोऱ्या धारेच्या पासाचं आरएमएस (कंपनाची सरासरी तीव्रता) पहिल्या दिवसापेक्षा ठळकपणे वेगळं आलं तर पुढचं कटिंग थांबवा आणि ठोक्यांच्या चाचणीकडे परत या.

## टप्पा ९: नोंदवही

फाइलच्या नावात तारीख, बार क्रमांक, इन्सर्टचा क्रमांक, त्याची कितवी धार आणि पास. 'टेस्ट फायनल नवीन दोन' असली नावं चार महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाहीत. वहीत शेडचं तापमान, कूलंटचं प्रमाण, मोजलेली झीज आणि ऑपरेटरचं म्हणणं लिहा. हो, त्याचं म्हणणंही. "सतराव्या पासला आवाज बसला" असं तो म्हणाला तर वेळेसकट लिहून घ्या. माझ्या एका मालिकेत उंच पट्ट्यातली ऊर्जा नेमकी त्याच्या शेऱ्याच्या पासलाच वर उसळली होती.

## टप्पा १०: विश्लेषण आणि विभागणी

पासच्या सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-दोन सेकंद कापून टाका. टूल आत शिरतानाचा धक्का झीज सांगत नाही. उरलेल्या भागाच्या एकेक सेकंदाच्या खिडक्या करा, म्हणजे वारंवारिता १ हर्ट्झपर्यंत वेगळी ओळखता येईल. आरएमएस, कर्टोसिस (सिग्नलमधली शिखरं किती टोकदार ते) आणि दोन-तीन पट्ट्यांमधली ऊर्जा, एवढ्याने सुरुवात करा. झिजेसमोर त्यांचे साधे आलेख काढून डोळ्यांनी पाहा. साध्या आलेखात काहीच कल दिसत नसेल तर न्यूरल नेटवर्ककडे धावण्याआधी टप्पा ३ आणि ८ पुन्हा तपासा.

मॉडेल शिकवताना खिडक्या पत्त्यांसारख्या पिसून शिकवण्याचा आणि तपासण्याचा असे दोन ढीग करू नका. एकाच पासच्या शेजारशेजारच्या दोन खिडक्या जवळपास सारख्याच असतात. एक शिकवणीत आणि दुसरी परीक्षेत गेली तर मॉडेलला पेपर आधीच फुटलेला असतो. अचूकता शंभराच्या जवळ जाते आणि नवी धार लावली की कोसळते. विभागणी धारेनुसार करा: काही धारा शिकवायला आणि मॉडेलने कधीच न पाहिलेल्या धारा तपासायला. आकडा उतरेल, पण तोच खरा आहे. मार्गदर्शकांना तोच दाखवा.

## टप्पा ११: कारखान्यात लावताना

बुटीबोरी किंवा हिंगण्यातल्या जॉब-शॉपमध्ये हे बसवायचं असेल तर मॉडेलआधी साधी मर्यादारेषा लावा. एकाच प्रोग्रामच्या, एकाच कटच्या, चांगल्या धारेने घेतलेल्या निदान वीस-पंचवीस जॉबची सरासरी काढा आणि तिच्यावर तीन प्रमाण विचलनांची रेषा मारा. एका जॉबची रेषा दुसऱ्याला लावू नका. लागोपाठ तीन जॉब रेषेच्या वर गेले तरच इशारा द्या. एखाद्या कडक गाठीमुळे एक जॉब वर जातोच.

पहिले पंधरा दिवस सेन्सरला मशीन थांबवू देऊ नका. मशीनवर एक पिवळा दिवा लावा आणि बाजूला वही ठेवा. दिवा लागला की ऑपरेटरने इन्सर्ट काढून पाहायचा आणि दोनच गोष्टी लिहायच्या: दिवा किती वाजता लागला, धार कशी होती. दिवा न लागता धार गेली तर तेही लिहायचं. पंधरा दिवसांनी ती वही आणि तुमच्या फाइल समोरासमोर ठेवून रेषा वर किंवा खाली सरकवा, आणि मगच इशारा फीड होल्डला जोडण्याचं मेंटेनन्सशी बोला.